वेढे

गड्डीगोदामात बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
आत वॉर्निशचा वास, बाहेर मे महिना,
रेल्वेच्या पुलाखालची सावली सोडायला
कुत्रंही तयार नाही, अशा दुपारी
शटर अर्धं ओढून हे चार पोट्टे वाजवत बसायचे.

ऑल्विन, अजनीच्या शेडमधला फिटर. गिटार त्याची.
सत्यवान हेडाऊ. घरी चार माग, म्हणून ड्रम त्याच्याकडे.
म्हणायचा, धोटा चुकला की बाप मारतो,
ठोका चुकला तर ऑल्विन नुसत्या शिव्या देतो.
मोमिनपुऱ्याचा बासित बास वाजवायचा,
त्यावरचे सगळे विनोद तेव्हाच करून संपले.
आणि इंदोऱ्याचा अश्वघोष रामटेके,
चौदा एप्रिलच्या मिरवणुकांत घोषणा देऊन देऊन
कमावलेला गळा,
माइक बंद पडला तर त्याला पत्ताच नसायचा.

रेकॉर्डिंगच्या आठ दिवस आधी गिटारचं पिकअप मेलं.
मुंबईहून नवं म्हणजे ऑल्विनचा अडीच महिन्यांचा पगार.
त्यानं भंगारातून सिग्नलचा रिले उचलून आणला,
त्यातली तार
उजेडात धरली तरच आहे असं वाटणारी.
"आठ हजार वेढे. जमेल?"
मी अकरावीत नापास. हात पास.

बाबांच्या मशीनवर बसले.
तार तुटणार हे बोटाला आधी कळतं,
कुणी शिकवत नाही ते.
हजार झाले. दोन. तीन.
चार हजार तीनशे अकरा, की एकवीस,
आणि आतून आई: नळ आले, गुंड भर!

परत येऊन बसले तर आकडा गेलेला.
सांगितलं नाही कुणाला.
गुंडाळत राहिले,
बोट पुरे म्हणालं तेव्हा थांबले.

पहिला झणका मारला ऑल्विननं
तर भिंतीला टांगलेले दुरुस्तीचे पंखे
आपापल्या खिळ्यावर थरथरले.
बाबा जेवणावरून उठून आले,
"गाऊन राहिले का भांडून राहिले बे?"
मग तिथेच उभे.
हातावरचं वरण वाळेपर्यंत.

सहा दिवस, आठ गाणी, भाड्याचा टेपरेकॉर्डर.
टेकच्या आधी कूलर बंद करायचा, तेही काम माझं.
शेवटच्या गाण्यात व्होल्टेज पडलं, टेप मंदावली,
आता ऐकलं की तिथे गाणं अचानक पळत सुटतं,
घोषचा आवाज चढत चढत
लहान मुलाचा होतो. मग लाइट जाते.
पुन्हा घ्यायचं होतं. पैसे नव्हते.

'सत्तेचाळीस अंश'. पाचशे कॅसेट.
कव्हर इतवारीतल्या लग्नपत्रिकांच्या प्रेसवर,
लाल शाई तिथली उरलेली.
बर्डीवर एकसष्ट खपल्या. बाकीच्या बाबांच्या खाटेखाली,
दरवर्षी शिमग्याला आई म्हणायची, जाळू का?

सत्यवानचे माग भंगारात गेले. बासित शारजाला.
घोष गेला, त्याला आता अकरा वर्षं.
पण कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक,
दर वेळी थोडी खरखर वाढून
हे गाणं कुठे कुठे जाऊन आलं कोणास ठाऊक.
वणीच्या खाणीतली पोरं वाजवतात म्हणे.
जबलपूरला एक बँड शेवटी मुद्दाम पळत सुटतो,
गाणारा आवाज बारीक करतो,
आणि मधेच थांबतात सगळे, अंधार करून.
आमची गेलेली लाइट
ते तालमी करून बसवतात.

परवा एक मुलगा आला. इंजिनीअर.
हातात मीटर, पिशवीत स्वतः गुंडाळलेली सात पिकअप,
आठ हजार, साडेसात, सहा हजार दोनशे.
"मावशी, तो आवाज येत नाही.
नेमके किती वेढे होते?"

कोणाची तरी पंपाची मोटार सोडवत होते,
हात काळे. त्याला म्हटलं,
चार हजार तीनशेपर्यंत नीट मोज.
मग आईला सांग, हाक मार म्हणावं.

त्यानं ते लिहून घेतलं.